धुराची वाट

आमच्या आरोग्य केंद्राच्या जीपचे ड्रायव्हर रोज सकाळी इंजिन चालू करून ठेवायचे आणि स्वतः जीपच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे. सायलेन्सरच्या तोंडाशी उजवा तळहात धरायचे आणि डोळे मिटायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस गाडीची पूजा करतोय आणि चुकून मागच्या बाजूने करतोय. पुढे कळलं की ती तपासणी होती. हात झाला की ते खिशातून तेंदूचं एक पान काढून त्या तोंडासमोर धरत. पान एकसारखं फडफडत राहिलं तर गाडी निघायची. मध्येच एकदा जरी आत ओढलं गेलं, तर कुठलासा व्हॉल्व्ह नीट बसत नाही असा निकाल लागायचा, मग बॉनेट उघडायचं आणि आम्ही सगळे लसींचे डबे घेऊन व्हरांड्यात बसून राहायचो.

मी तिथे नर्स होते. नऊ वर्षं होते. बदलीचे अर्ज करून करून इतकी कंटाळले की शेवटी शेवटी अर्जाचा मजकूर मला डोळे मिटून लिहिता यायचा. मी भद्रावतीच्या फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, नळाचं पाणी आणि वेळेवर वाजणारा भोंगा यांची सवय असलेली मुलगी. चामोर्शीच्या पुढे बरंच आत, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या त्या गावात मला फक्त दोन गोष्टींची सवय झाली नाही. एक तिथल्या नाल्याची आणि दुसरी या माणसाच्या बोलण्याची.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. माघारी सगळं गाव सायलेन्सरभाऊ म्हणायचं आणि ते त्यांना ठाऊक होतं. अंगाने काटकुळे, खाकी शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, आणि छातीत दमा. आधी वीस वर्षं बल्लारपूरच्या कागदाच्या मिलसाठी बांबूचे ट्रक चालवलेले. दमा तिथूनच आणलेला असणार, पण वाढवला त्यांनी आमच्या जीपमागे बसून. मी गोळ्या द्यायचे, ते त्या खिशात तेंदूच्या पानांजवळ ठेवायचे. धुरात बसू नका म्हटलं की म्हणायचे, "बाई, तुमी पेशंटच्या तोंडाजवळ जात नाई का? मंग?"

या 'मंग'नंतर मी पुढच्या गोळ्या मोजून त्यांच्या हातात ठेवायचे.

त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते त्यांनी मला नऊ वर्षांत किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. "इंजिन खाते काय, थे सारेच पायतेत. पेट्रोल किती, हवा किती. टाकते कसं, थे कोणी नाई पायत. आतला धूर निघालाच नाई तं नवी हवा बसन कुठी? जागा पाह्यजे ना." दिवसभर खेड्यांतून सुया टोचून परत येताना, डोकं दुखत असताना, धुळीने दात करकरत असताना हे ऐकायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "मग लावा ना एक मोठा थोरला पाईप. जाऊ दे सगळा धूर एकदाचा."

भाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "थे बी गलत. लय मोकळा केला का धूर सुस्त होते. धुराचा एक धक्का बाहीर गेला का त्याच्या मागचा आपोआप ओढल्या गेला पाह्यजे. तवा इंजिन चढावर खेचते. पाईप ना लय बारीक पाह्यजे, ना लय मोठा. अन् वळण चालते, कोपरा नाई चालत."

मोकळ्या पाईपचं उदाहरण म्हणून ते वरून येणाऱ्या एका साहेबांच्या मोटारीकडे बोट दाखवायचे. तिच्या तरुण ड्रायव्हरने सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून टाकल्या होत्या. गाडी गावात शिरली की कोंबड्या उडायच्या. पण नाल्याच्या चढावर त्याच मोटारीला गावकऱ्यांनी ढकलत वर आणलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. "आवाज वाघाचा, खेचणं बकरीचं," भाऊ म्हणायचे, आणि हसता हसता त्यांना खोकला लागायचा.

नाल्याबद्दल सांगायला हवं. गावापासून चार किलोमीटरवर तो होता, पूल नव्हता, आणि पलीकडची दरड उभी होती. चामोर्शीच्या दवाखान्यात जायचं तर ती चढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जीप एकदा पंधरा दिवस दुरुस्तीला गेली होती, तेव्हा आतल्या एका गोंड पाड्यावरची बाई अडली. पहिलटकरीण होती. चौघांनी खाट उचलली आणि मी बाजूने चालले. नाला चढताना खाट तिरपी झाली, तिने माझा हात धरला, आणि ती गोंडीत काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. बाई वाचली, मूल गेलं. नोंदवहीत ते लिहिताना माझा हात स्थिर होता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या दुरुस्तीतून जीप परत आली ती नवा सायलेन्सर लावून. जुना गंजून गळून पडला होता, म्हणून वर्कशॉपने हाताशी असलेला कुठल्यातरी लहान गाडीचा पाईप लावला. तो बारीक होता, आणि स्प्रिंगला लागू नये म्हणून दोन ठिकाणी काटकोनात जोडला होता. भाऊंनी खाली वाकून ते दोन कोपरे पाहिले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, नेहमीचं खूळ आहे. पण महिन्याभरात जीप तापायला लागली, पेट्रोल जास्त पिऊ लागली, आणि नाल्याच्या चढावर धापा टाकू लागली. आम्ही खाली उतरून चालत चढायचो, आणि कधी कधी पेशंटलाही उतरवायचो. बाळंतिणीला उतरवून चढ चढायला लावणारी अँब्युलन्स मी फक्त आमच्याकडेच पाहिली.

डॉक्टरांनी वर लिहिलं. भाऊंनी त्यांना बजावलं होतं की पाईपचं लिहा. डॉक्टरांनी लिहिलं की इंजिन कमजोर झालं आहे. डॉक्टर चांगले होते, पण सरकारी कागदात सायलेन्सरबद्दल दोन परिच्छेद लिहिणं त्यांना शोभणारं वाटलं नसावं. उत्तर आलं की जीप जुनी आहे, इंजिनवर खर्च करणं योग्य नाही, मार्चमध्ये वर्कशॉपचे फोरमन येऊन तपासणी करतील आणि जीप निकामी ठरवून जमा करून घेतील. नवी जीप उपलब्ध झाल्यावर विचार होईल.

"म्हंजे खाट," भाऊ म्हणाले.

त्या रात्री मी बदलीचा अर्ज पुन्हा काढला होता, हे कबूल करते. नव्या जीपची वाट पाहत ती दरड पुन्हा खाटेबरोबर चढायची माझ्यात ताकद नव्हती. अर्ज लिहून झाला, पाकिटात घातला, आणि सकाळी टपालात टाकायला निघाले तर भाऊ दाराशी उभे. त्यांना पोटाचा घेर मोजायची माझी टेप हवी होती.

"कशाला?"

"पाईप मोजाचा हाय."

मी टेप दिली. ती मला परत मिळाली तेव्हा तिचे ऐंशी-नव्वदच्या आसपासचे सात-आठ आकडे काजळीत गेले होते, आणि पुढे कितीतरी बायकांचे घेर मी अंदाजाने मोजले.

मग दोन दिवसांची रजा टाकून ते बल्लारपूरला गेले आणि एका मोडीत निघालेल्या ट्रकचा पाईप घेऊन एसटीने परत आले. कंडक्टर तो टपावर टाका म्हणत होता. टपावर आपटला तर चेमटेल म्हणून भाऊंनी तो सबंध वाटेत दोन पायांमध्ये उभा धरला होता. गावात उतरले तेव्हा धाप एवढी लागलेली की त्यांना झाडाखाली बसवून मी इंजेक्शन दिलं. त्यांचं लक्ष सुईकडे नव्हतंच. पाईपच्या आत फुंकर मारून ते पलीकडून हात लावून बघत होते.

पाईप वाकवायचा होता, पण कोपरा न पाडता. नुसता तापवून वाकवला तर आतून चिमटतो. त्यासाठी त्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारतात आणि लोहाराच्या भट्टीत लाल करून हळूहळू वाकवतात. वाळू मात्र खडखडीत कोरडी हवी. ओली राहिली तर वाफ होते आणि बूच गोळीसारखं उडतं. हे सगळं मला कसं कळलं, तर दुपारी मी बाळंतपणाच्या खोलीत गेले आणि पाहिलं की स्टोव्हवर माझा स्टीलचा ट्रे आहे आणि त्यात नाल्याची वाळू भाजली जातेय. भाऊ लाकडी चमच्याने ती हलवत होते, बायका रवा भाजतात तशी.

"भाऊ, हा हत्यारांचा ट्रे आहे."

"म्हून तं घेतला. साफ हाय."

मी ओरडणार होते. पण खरं सांगायचं तर ओरडायलाही बळ लागतं. मी बाजूच्या खुर्चीत बसले आणि वाळूत ओल उरली नाही हे बघायला दुसरा चमचा घेतला. तो बदलीचा अर्ज माझ्या पिशवीतच राहिला, टपालात टाकायचं त्या दिवशी जमलं नाही.

लोहाराकडे पाईप वाकताना मी उभी होते. लोहार घाई करत होता, भाऊ त्याच्या मनगटावर हात ठेवून "धीरे, धीरे" म्हणत होते. दोन मोठी वळणं पडली, कुठे चिमटा नाही. पाईप जीपला बसला, आणि संध्याकाळी आम्ही नाल्याची दरड दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. मी उतरले नाही. गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या चढावर बसून होते, आणि मला रडू आलं. भाऊंना वाटलं धूळ गेली डोळ्यात.

पण हे मान्य करणार कोण? सरकारी गाडीचा पाईप परवानगीशिवाय बदलला, हा त्यांच्यावरच ठपका येणार होता. फोरमनसमोर गाडी चढली तरच काही बोलायला तोंड उरणार होतं.

आता माझ्या चुकीकडे येते.

मार्चमध्ये आमच्याकडे कुंभारमाशांचा उच्छाद असतो. दिसेल त्या भोकात त्या चिखलाचं घर करतात. नळी, कुलूप, दाराची बिजागरी, काही सोडत नाहीत. म्हणून भाऊ जीप उभी केली की सायलेन्सरच्या तोंडात लाकडी बूच बसवायचे आणि त्याची सुतळी पुढे नेऊन स्टिअरिंगला बांधायचे, म्हणजे काढायचं विसरायला नको. तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी जीप धुतली, बूच काढलं, सुतळी गुंडाळून ठेवली आणि आंघोळीला गेले. मी व्हरांड्यातून पाहिलं तर एक कुंभारमाशी त्या उघड्या तोंडाभोवती घिरट्या घालतेय. आज नेमकं हिने आत घर केलं तर, असं मनात आलं. बूच सापडेना. मी आतून गॉजची लांब पट्टी आणली आणि चिमट्याने आत भरली. रक्तस्राव थांबवायला आम्हाला जसं शिकवतात तसं भरलं, थरावर थर, घट्ट आणि खोल, बाहेरून दिसणारही नाही असं. मग भाऊंना सांगणार तोच विंचू चावलेला एक माणूस आला आणि मी आत गेले.

फोरमन आले ते दमलेलेच आले. पोट सुटलेला, सभ्य, पन्नाशीचा माणूस. त्यांना दुपारची बस पकडायची होती. ते स्वतः जीपमध्ये बसले आणि भाऊंना म्हणाले, "तुम्ही बाजूला राहा." स्टार्टर मारला. इंजिन घरघरलं, दोन क्षण चाललं आणि बंद पडलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर नुसतं कुरकुरलं.

"संपलं हे," फोरमन म्हणाले. "चढावर नेऊन काय पाहायचं?" त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि लिहायला लागले.

विंचवाच्या माणसाला खाटेवर टाकून मी दारात आले होते, आणि त्या धांदलीत गॉज पार विसरून गेले होते. भाऊंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांना धाप लागली होती, पण खोकला येत नव्हता. ते हळूहळू जीपच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि नेहमीसारखा तळहात लावला. मग दोन बोटं आत घातली. गॉज निघायला लागला. हातभर निघाला, दोन हात निघाला, पुढचं टोक पांढरं आणि आतलं काळं. त्यांनी मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

मला वाटलं, आता माझं नाव घेतील. त्यांनी घेतलं नाही. ते गॉज घेऊन फोरमनच्या खिडकीशी गेले.

"साहेब, काय लिवलं?"

"इंजिन निकामी."

"नाक दाबून होतं त्याचं. हे पाहा. आता लावा बरं."

फोरमननी स्टार्टर मारला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. भाऊंनी खिशातून तेंदूचं पान काढून मागे धरलं, आणि फोरमनना खाली उतरून ते पाहावं लागलं. पान एकसारखं फडफडत होतं.

"दोन मिनिटं अगोदर तुमी याले मेलं म्हून लिवलं," भाऊ म्हणाले. आवाज मुळीच चढला नव्हता, थकलेलाच होता. "इंजिन थेच हाय. पाच महिने बी मी हेच सांगून राह्यलो. आत काई नाई झालं त्याले. बाहीर जाऊ देत नोहते आपण."

मग आम्ही नाल्यावर गेलो. डॉक्टर, फोरमन, मी, आणि वजन हवं म्हणून गावातले चौघे. जीप दुसऱ्या गिअरमध्ये, न गुरगुरता वर आली. वर पोचल्यावर फोरमन खाली उतरले, वाकले आणि ती दोन वळणं बराच वेळ बघत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं. कारण कोपरे टाकून तो पहिला पाईप त्यांच्याच माणसांनी जोडला होता.

"हा पाईप कोणी मंजूर केला?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर झाडाकडे बघू लागले. फोरमननी घड्याळ पाहिलं, फॉर्मवरची ओळ खोडली, वर 'चालू स्थितीत' असं लिहिलं आणि पाईपबद्दल काहीच लिहिलं नाही. मला वाटतं तेही आमच्यासारखेच थकले होते, आणि थकलेली माणसं कधी कधी चांगली वागतात.

परत येताना मी माफी मागायला तोंड उघडलं. भाऊ म्हणाले, "बाई, तुमच्या बोळ्यानं गाडी वाचवली. साहेबाले मी जनमभर सांगतो तं पटलं नसतं. पण पुन्हा तिच्या तोंडाले हात नोका लावू." तो गॉज त्यांनी धुतला. काळेपणा पूर्ण गेला नाही. घडी करून त्यांनी तो समोरच्या खणात ठेवला आणि काच पुसायला वापरू लागले.

जीप आमच्याकडेच राहिली. तिने किती बायका त्या दरडीवरून नेल्या याचा हिशेब माझ्या नोंदवहीत असेल, मी पुन्हा पाहिला नाही. खाट पुन्हा उचलावी लागली नाही, एवढं मला माहीत आहे. बदलीचा अर्ज पिशवीत चुरगळून गेला. भाऊंचा दमा मात्र वाढत गेला. दुसऱ्या वर्षी थंडीत ते जीपमागे बसले की उठायला वेळ लागायचा. तिसऱ्या वर्षी शेजारच्या केंद्रातून बदली ड्रायव्हर आला. तो भला माणूस होता, पण पहिल्याच दिवशी भाऊंनी त्याला अर्धा तास पाईप समजावून सांगितल्यामुळे भेदरलेला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांच्या खोलीतून निरोप आला. मी गेले तेव्हा ते पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते आणि ओठ निळे पडले होते. इंजेक्शनचा उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, चामोर्शीला न्या, लगेच. आम्ही त्यांना जीपमध्ये मागे बसवलं, मी शेजारी बसले, आणि नऊ वर्षं प्रत्येक पेशंटला म्हटलं तेच म्हणाले.

"लांब श्वास घ्या, भाऊ."

त्यांनी मान हलवली. एकेक शब्द तोडत म्हणाले, "घेऊ कुठी? आधी... आतला तं... निघू द्या."

मला नर्सिंगच्या पुस्तकात हे शिकवलं होतं. दम्याच्या माणसाला श्वास घेता येत नाही असं दिसतं, पण अडलेला असतो तो बाहेर जाणारा. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. भाऊंनी मला ते नऊ वर्षं सांगितलं आणि मी डोकं दुखतंय म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. "सोडा मग," मी म्हटलं. "ओठ बारीक करा आणि हळू सोडा. घ्यायचं नंतर पाहू." त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी सोडण्याचे आकडे मोजत राहिले.

नाला आला. नव्या ड्रायव्हरने घाबरून पहिला गिअर टाकला आणि इंजिन किंचाळू लागलं. भाऊंनी डोळे न उघडता हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. आरशात ते पाहून त्याने दुसरा टाकला. जीपचा आवाज खाली आला आणि ती चढू लागली. भाऊंनी तळहात जीपच्या पत्र्यावर टेकवला.

अर्ध्या चढावर त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. मी नाडी पाहिली. पण जीपच्या हादऱ्यांत त्यांची नाडी वेगळी कळेना. छातीही तशीच हलत होती, सगळी जीपच हलत होती. "बाई, थांबवू का?" ड्रायव्हर समोरून म्हणाला. मी पुढे हात घालून खण उघडला. तिथे तो गॉज होता, घडी केलेला, धुऊन धुऊन विरलेला, धुराचा वास असलेला. मी त्याच्या कडेचा एक धागा ओढून काढला आणि भाऊंच्या तोंडासमोर धरला.

धागा बाहेरच्या बाजूला हलला. थांबला. पुन्हा बाहेर हलला.

"थांबवू नको," मी म्हटलं. "दुसऱ्यातच राहू दे."